पहिलटकरीण

पहिलटकरीण हा शब्द मी लहानपणी आईच्या तोंडून ऐकला, तो एखादी सवलत जाहीर करावी तसा. दिंडोरी तालुक्यातल्या आमच्या गावात हापशावर बायकांची रांग लागायची. त्या रांगेत एखादी पोटुशी बाई हंडा घेऊन उभी दिसली की आई मागूनच ओरडायची, "अगं सोडा तिला पुढं. पहिलटकरीण हाय ती." बायका कुरकुरत बाजूला व्हायच्या. एखादी म्हणायची, "आम्ही काय आभाळातून पडलो व्हय? आम्हालाबी झाली की पोरं." त्यावर आई म्हणायची, "तुला पाचवं हाय. तू डोक्यावर हंडा घेऊन बाळंत होशील. तिला ठावं तरी हाय का काय होणार ते?" सगळ्या हसायच्या, आणि जिच्यावरून हे चाललेलं असे ती खाली मान घालून हंडा भरून घ्यायची.

द्राक्षबागेत मजुरीला गेल्यावरही तेच. पहिलटकरणीला फवारणी चाललेल्या ओळीत जाऊ द्यायचं नाही, मांडवाला हात पुरवायला लावायचं नाही, सावलीत बसवून घड निवडायला द्यायचे. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या बाईला यातलं काही मिळत नसे. कितवी खेप, असंच विचारत. विहिरीवरून पाणी आणल्यासारखं.

गुरांसाठी वेगळे शब्द होते. पहिल्यांदा व्यायला आलेली गाय पहिलारू. मग दुसऱ्या वेताची, तिसऱ्या वेताची. आमच्या एका गाईचं पहिलं वासरू मेलेलंच जन्मलं. पुढं ती विकायला काढली तेव्हा वडील गिऱ्हाइकाला सांगत होते, "दुसऱ्या वेताची हाय." मी शेजारीच उभी होते. वासरू मेलं होतं म्हणून त्यांनी वेत कमी सांगितलं नाही, आणि गिऱ्हाइकानंही काही विचारलं नाही. तेव्हा मला त्यात विशेष काही वाटलं नव्हतं.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. गावातल्या शाळेतल्या गुरुजींनी वडिलांना समजावलं नसतं तर सातवीनंतर मीही बागेतच गेले असते. दिंडोरीची शाळा, मग एसटीचा पास काढून नाशिकचं कॉलेज, मराठी विषय घेऊन बी. ए., नंतर बी. एड. त्या गुरुजींचे आणि कॉलेजातल्या बाईंचे उपकार मी आजही विसरलेले नाही. कॉलेजच्या ग्रंथालयात जाड शब्दकोश होता. बाईंनी तो पाहायला शिकवलं तेव्हा मी एक एक घरचा शब्द त्यात शोधत बसायचे. पहिलटकरीण सापडला. प्रथमच प्रसूत होणारी स्त्री, अशा अर्थाचं काहीतरी लिहिलं होतं. आईचा शब्द एवढ्या जाड पुस्तकात आहे, याचा मला फार आनंद झाला. घरी जाऊन सांगितलं तर आई म्हणाली, "त्यात काय शोधायचं? मला विचारायचं."

माझी बाळंतपणं दोन. त्यांतलं पहिलं धरायचं की नाही, यावर आमच्या दोन घरांचं काही दिवस वाकडं आलं होतं. मोठं भांडण झालं नाही. आमच्याकडे मोठी भांडणं होत नाहीत. पण मला पुढे ज्याला माझं आयुष्य म्हणता येईल ते त्या एका गोष्टीवर थोडंफार उभं आहे, म्हणून लिहिते.

लग्न झालं ते नव्वदच्या दशकाच्या मध्यावर. मिस्टर सटाण्याकडचे, सातपूरच्या एका कारखान्यात नोकरीला. वडील नव्हते त्यांना. सासूबाई, ते आणि मी, सातपूरला दोन खोल्या. सासूबाई बोलताना अहिराणी आणि नाशिकची मराठी अशी सरमिसळ करायच्या. रागावल्या किंवा माया दाटली की पूर्ण अहिराणी. स्वभावानं चांगल्या. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून कोणाला वेगळं वाटायला नको.

आई महिन्या-दोन महिन्यांनी भेटायला यायची. सकाळच्या दिंडोरी गाडीनं नाशिकचा सीबीएस स्टँड, तिथून शहर बसनं सातपूर. पिशवीत मेथीची जुडी, शेंगा, हंगामात द्राक्षं. पण आमच्याकडे जेवायची नाही. आमच्यात लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्न आई-वडील घेत नाहीत. आई भाकरी-ठेचा फडक्यात बांधून आणायची आणि स्टँडवरच्या बाकावर बसून खाऊन मग माझ्याकडे यायची. सासूबाई दर वेळी म्हणायच्या, "विहीणबाई, घोटभर चहा तरी. चहाला काय होतं?"

"चहा अन्नच हाय ना हो? साखर कुठून आली?" आई म्हणायची. "एकदा नातवंड खेळू द्या घरात, मग बघा. महिनाभर हलत नाय मी. तुम्हीच हाकलाल काठी घेऊन."

मला हे पटत नसे. मी शिकलेली होते, शाळेत नुकतीच लागले होते. एकदा मी चिडून म्हणाले, "आई, तुझी लेक बी. ए., बी. एड. आहे. कसले हे नियम धरून बसतेस?"

"बी. ए. झाली म्हणून तुझी भाजी खारट व्हायची थांबली का?" आई म्हणाली. सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

मला दिवस गेले तेव्हा सातव्या महिन्यात सासरी डोहाळेजेवण झालं आणि आई मला गावी घेऊन गेली. पहिलं बाळंतपण माहेरी. गावात हापशावर मी हंडा घेऊन गेले नाही, तरी लहान भावजयीबरोबर सहज गेले तर बायकाच म्हणाल्या, "या पहिलटकरीण, बसा पायरीवर." बरं वाटलं. शब्दकोशातला शब्द आता माझा झाला होता.

नवव्या महिन्यात एका सकाळी मला जाणवलं की पोटात हालचाल नाही. आईला सांगितलं. तिनं गूळ-पाणी दिलं, कुशीवर झोपवलं, वाट पाहिली. मग भावानं गावातली जीप आणली आणि आम्ही नाशिकला आलो, एका डॉक्टरीणबाईंच्या प्रसूतिगृहात. दारातच आयानं विचारलं, "पहिलटकरीण का?" आई म्हणाली, "हो." त्या 'हो'मध्ये मला आठवतं, अजून अभिमान होता. "मग वेळ आहे," आया म्हणाली. "फिरवा तिला व्हरांड्यात."

आम्ही फिरलो. व्हरांड्याला अर्ध्या उंचीपर्यंत हिरवा ऑइलपेंट होता. पुढे डॉक्टरीणबाई आल्या, पोटावर नळी ठेवून ऐकू लागल्या. नळी इकडून तिकडे, तिकडून इकडे. बराच वेळ. मग त्यांनी आईला बाहेर नेलं. मला सांगायच्या आधीच मला कळलं होतं, आणि कळून काही झालं नाही. मी छताकडे पाहत होते. पंख्याचं एक पातं बाकीच्यांपेक्षा नवीन होतं.

मेलेलं मूलही जन्माला घालावं लागतं, हे मला माहीत नव्हतं. कळा तशाच येतात. तितकाच वेळ जातो. आया तसंच ओरडते, "लाव जोर, लाव." मुलगी होती. मला दाखवली नाही. मी मागितलीही नाही. आईनं पाहिली. वडील आणि भाऊ तिला घेऊन गावाकडे गेले, शेताच्या कुठल्या तरी बांधाला पुरली असेल. मी कधी विचारलं नाही. घरी आल्यावर वडिलांनी हातपाय धुतले आणि चहा मागितला, एवढं भावजयीनं नंतर सांगितलं.

डॉक्टरीणबाईंनी कारण सांगितलं होतं. कोणाचं काही चुकलं नव्हतं.

गावी नेल्यावर आईनं मागच्या खोलीत बाज टाकली. बाजेखाली शेगडी, ओवा आणि बाळंतशोपांची धुरी, कानाला फडकं, पोटाला घट्ट पट्टा. तेल लावायला बाई बोलावली. अळिवाचे लाडू तर आधीच करून ठेवलेले होते. ते तिनं बाजूला काढले नाहीत, मला रोज एक देत राहिली. चुलती दारात येऊन म्हणाली, "आता शेक कशाला गं जाऊबाई? शेगडी काढ. बाळ नाय तर बाळंतीण कशी?"

आई शेगडीत गोवऱ्या सारत होती. वर न पाहता म्हणाली, "नऊ महिने पोटात काय वारं होतं का हिच्या? बाळंत झालीय ती. पहिलं बाळंतपण हाय, मी करतीय. तुला बघवत नसंल तर तुझ्या दारातून बघ."

चुलती गेली. मी हे ऐकत होते. आपल्याबद्दल बोलणं चाललंय असं वाटत नव्हतं.

मग दूध आलं. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. छाती दगडासारखी झाली, चोळी भिजायला लागली. आईनं वडिलांना नाशिकला पाठवलं मोगरा आणायला. मोगऱ्याची फुलं छातीला बांधली की दूध आटतं, असं आमच्याकडे मानतात. उन्हाळा होता, मोगरा भरपूर. वडील रविवार कारंज्यावरून केळीच्या पानात बांधलेले गजरे घेऊन एसटीनं आले. वाटेत गावचा कोणी भेटला, म्हणाला, "काय आबा, या वयात गजरे?" वडील म्हणाले, "देवाला." आईनं दोऱ्यातून फुलं सोडवली, ओल्या फडक्यात ठेवून छातीला घट्ट बांधली. दिवसभर खोलीत धुरीचा आणि मोगऱ्याचा वास एकत्र. संध्याकाळी फुलं तपकिरी होऊन सुटायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा ताजी. मोगरा मला आवडतो की नाही, हे तेव्हापासून मला सांगता येत नाही. कोणी गजरा दिला तर मी घेते आणि माळते.

त्या खोलीत आई एकदाच तिच्याविषयी बोलली. माझे केस विंचरत होती. म्हणाली, "केस लय होते तिला." एवढंच. 

मिस्टर रविवारी यायचे. बाजेच्या कडेला बसायचे, माझ्या पायावरची चादर नीट करायचे. सासूबाईंचा निरोप त्यांनीच आणला, की आता सव्वा महिना कशाला, इकडे ये, कामात राहिलीस तर मन रमेल. वाईट हेतू नव्हता. आईनं सांगून पाठवलं, "सव्वा महिना झाला की मी सोता आणून घालते. बाळंतीण मधी पाठवत नसतात." आणि तसंच केलं. सव्वा महिन्यानं माझी ओटी भरली आणि मला सातपूरला आणून सोडलं. ती उंबऱ्याशीच उभी राहिली, पाणीही प्यायली नाही. सासूबाईंनीही आग्रह केला नाही. आईची रीत त्यांना माहीत होती, आणि त्या दिवशी त्यांना वाटलं असणार की ती रीत तशीच चालू आहे. आई न विचारता वाढून घेणाऱ्यातली नव्हती.

त्याच दिवशी दिवेलागणीला सासूबाई माझ्या शेजारी बसल्या. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "जे व्हयनं ते व्हयनं. आते त्यानं नाव नही काढानं. मनातून काढी टाक, माय." त्यांचे डोळे भरले होते. माझे नव्हते. मी मान हलवली. त्यांना धीर वाटावा म्हणून हलवली असेल.

नंतर आम्ही सिडकोत घर घेतलं. नवीन कॉलनी, नवीन शेजार. तिथं कोणाला काही ठाऊक नव्हतं. बायका विचारायच्या, "मूलबाळ?" मी म्हणायचे, "अजून नाही." हे उत्तर देताना मला काही अडखळायला होत नसे. शाळेत मी समास आणि प्रयोग शिकवत होते. एकदा आठवीच्या वर्गात तपासणीसाठी आलेल्या बाई म्हणाल्या, तुमचा फळा किती स्वच्छ असतो. मला घरी येईपर्यंत तेच आठवत राहिलं.

कॉलनीत कोणाचीही ओटी भरायची असली की मला बोलावणं असायचं. शिकलेली, शाळेतली बाई म्हणून जरा पुढंच बसवायचे. ज्या बाईचं मूल गेलंय तिच्याकडून गर्भार बाईची ओटी भरून घेत नाहीत, हे सासूबाईंना माहीत होतं आणि मलाही. त्या मला नीट साडी नेसून जा म्हणायच्या. जाऊन आल्यावर विचारायच्या, "मान झाला ना?" त्यांच्यासाठी ते फार होतं. सुनेला कोणी बाजूला बसवू नये, एवढ्यासाठी त्यांनी ती गोष्ट पुसली होती.

पुढे दोन हजार सालानंतर मला पुन्हा दिवस राहिले. सासूबाईंनी कॉलनीत पेढे वाटले नाहीत, दृष्ट लागेल म्हणून, पण पाणी भरायला आलेल्या प्रत्येकीला सांगितलं, "पहिलटकरीण शे मनी सून. वजन नका उचलू देऊ तिला." बायका मला बादली उचलू देईनात. आईनं हापशावर जे केलं होतं तेच त्या नळावर करत होत्या. मी बादली खाली ठेवायचे. शब्द तोच होता. मी त्याच्यात पुन्हा एकदा जाऊन बसले होते, आणि तिथं आधी कोणी बसलंच नव्हतं असं सगळ्यांचं ठरलं होतं. रात्री कधी वाटायचं की हे ठरवताना मला विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, तेही ठाऊक नव्हतं.

सातव्या महिन्यात डोहाळेजेवण ठरलं. पुन्हा हिरवी साडी, पुन्हा फुलांचे दागिने. सासूबाईंनी सटाण्याहून नणंदेला बोलावून खापरावरच्या पुरणपोळ्या केल्या, मोठ्या, हातावर वाढवलेल्या. बरोबर रशी, म्हणजे कटाची आमटी. कॉलनीतल्या दहा-बारा बायका आल्या. आई दुपारच्या गाडीनं आली. ओटी भरून झाली, गाणी झाली. एकीनं चेष्टा केली, "आता काय, पहिलटकरीण म्हणजे माहेरची चैन. तीन महिने आयतं खायचं!"

"तर," सासूबाई म्हणाल्या. "पहिलं बाळंतपण माहेरीच. विहीणबाई उद्या घेऊन जाताहेत."

आई भिंतीला टेकून बसली होती. खाली सतरंजीवर पंगत बसली. पानं वाढायला लागली. एक शेजारीण आईला म्हणाली, "तुम्ही पण बसा ना मावशी." सासूबाईंनी हसून तिला अडवलं. "त्या नाही जेवणार. त्यांच्यात लेकीला मूल झाल्याशिवाय तिच्या घरचं घेत नाहीत. लई कडक आहेत. पुढच्या वेळी बघा, नातवंड मांडीवर घेऊन जेवतील."

आई उठली. पंगतीच्या टोकाला जागा होती तिथं जाऊन मांडी घालून बसली.

"मला पान वाढा," ती म्हणाली.

सासूबाईंना वाटलं ती चेष्टा करतेय. "अहो, पण तुमच्यात..."

"माझ्या लेकीला मूल झालंय," आई म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. "मुलगी झाली होती. राहिली नाय ती. पण झाली होती. बाळंतपण मी केलंय, माझ्या घरात. तेव्हाच जेवायला पाहिजे होतं मी इथं. कोणी वाढलं नाय, मी मागितलं नाय. आता वाढा."

 नणंद हातात पुरणपोळीचं ताट घेऊन उभी होती. सासूबाईंचा चेहरा उतरला. मी फुलांचे दागिने घालून खुर्चीवर बसले होते, आणि माझ्या मनगटावरच्या फुलांतून वास येत होता. मोगऱ्याचाच होता. मला रडायला आलं असतं तर बरं झालं असतं. सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या.

शेवटी नणंदेनं आईसमोर पान मांडलं आणि पोळी वाढली. आईनं हात जोडले, पोळीचा तुकडा मोडला, रशीत बुडवला. सगळ्यांसमोर सावकाश जेवली. अर्धी पोळी संपल्यावर म्हणाली, "छान झालीय. तूप आणा जरा." नणंदेनं तूप आणलं. आणखी एक पोळी वाढू का विचारलं, तर म्हणाली, "वाढा की." मी सासरी सहा-सात वर्षं स्वयंपाक करत होते. आईला तिथं जेवताना मी पहिल्यांदा पाहत होते.

एक बाई आपल्या नव्या सुनेला घेऊन आली होती. ती पान अर्धवट ठेवून, काम आहे म्हणून सुनेसह उठून गेली. बाकीच्या जेवल्या.

हात धुतल्यावर आई सासूबाईंना म्हणाली, "पहिलं बाळंतपण माहेरी, ते झालं. दुसरं सासरी असतं. हे तुमचं. मी हाताखाली येईन, म्हणाल तितके दिवस राहीन. आता खायला मोकळी हाय मी." आणि संध्याकाळच्या गाडीनं एकटीच परत गेली.

कॉलनीत म्हणाले, आई कंजूष निघाली, लेकीचं बाळंतपण टाळलं. सासूबाई माझ्याशी काही दिवस कामापुरतं बोलत होत्या. एकदा भांडी पुसता पुसता म्हणाल्या, "तुझ्या आईनं चार बायकांत मला खोटं पाडलं. मी कोणासाठी केलं होतं ते?" मी म्हणाले, "माझ्यासाठी." त्या म्हणाल्या, "मग?" मी पुसलेली भांडी फळीवर लावत राहिले. त्यानंतर कॉलनीत एक ओटीभरण झालं, मला बोलावणं आलं नाही. सासूबाईंना ते लागलं. दारात उभ्या राहून त्या घराकडे पाहत राहिल्या. मला काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं, असंही वाटलं नाही.

पण बाळंतपण आता त्यांच्याच घरी होणार होतं, आणि तयारी त्यांनाच करायची होती. एका दुपारी त्या अळीव निवडत बसल्या होत्या. मी वह्या तपासत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "तुझ्या आईनं तेल कोणतं लावलं होतं तेव्हा?"

तेव्हा, असं त्या म्हणाल्या. सातपूरच्या त्या संध्याकाळनंतर पहिल्यांदा.

"तिळाचं," मी म्हणाले. "ओवा घालून कडवलेलं."

"आणि शेगडी किती दिवस?"

"सव्वा महिना."

"पुरा?"

"पुरा."

त्यांनी सूप हलवलं, खडे बाजूला काढले. "बरोबर केलं," त्या म्हणाल्या. मग पुढचे दिवस त्या असेच एक एक विचारत राहिल्या. पट्टा कशाचा होता, पहिल्या आठवड्यात भात दिला का, दूध आलं तेव्हा काय केलं. मोगऱ्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. "वडील आणायला गेले होते?" मी हो म्हणाले. त्या उठून आत गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत.

कळा सुरू झाल्या त्या पहाटे मिस्टरांनी रिक्षा आणली. सासूबाई बरोबर होत्या. आई गावाहून निघाली होती. हे दुसरं प्रसूतिगृह होतं, घराजवळचं. दारात आया होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि नेहमीचंच विचारलं, "पहिलटकरीण का?"

मी तोंड उघडणार होते. काय सांगणार होते ते आज आठवत नाही.

"नही वं माय," सासूबाई म्हणाल्या. "दुसरी खेप शे."

"पहिलं नॉर्मल?"

"नॉर्मल. मुलगी व्हती."

"मग फिरवत बसू नका," आया म्हणाली. "दुसरीला वेळ लागत नाही. आत घ्या."

वेळ लागला नाही खरंच. मुलगी झाली, रडली. दुपारपर्यंत आई आली. मी अर्धवट झोपेत होते, डोळे उघडवत नव्हते. दोघी माझ्या पायाशी बसल्या होत्या आणि बाळ कोणाच्या तरी मांडीवर होतं.

"हिला केस कमी हायेत," आईचा आवाज आला. "थोरलीला लय होते."

 मग सासूबाईंनी विचारलं, "कितले?"

"एवढे. पार कपाळावर आलेले. काळेभोर."

"कुरळे?"

"नाय. सरळ. हिच्यासारखे."

सासूबाईंनी आणखी काही विचारलं, आई सांगत राहिली. नाक कसं होतं, रंग कोणावर गेला होता. मी डोळे मिटूनच ऐकत होते. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ती कशी दिसत होती.